मंद फिल्म आणि घाईचा माणूस



फोटो काढणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कापसाच्या पानावरची कीड दाखवायची असली तरी आपण बांधावर उभे राहून खिशातला मोबाइल काढतो, आणि दुसऱ्या क्षणाला तो फोटो तालुक्याच्या गावी पोचलेला असतो. मीही तेच करतो. तेव्हा एका फोटोसाठी अख्खी सकाळ आणि अर्धी रात्र घालवणाऱ्या माणसाची हकीकत आपण कशाला ऐकावी, असे तुमच्या मनात आले तर त्यात तुमची काही चूक नाही. तो माणूस मीच. त्यातला एक फोटो मी माझ्याच हाताने बिघडवला, आणि त्या बिघाडाची अडचण एका गावाला सोसावी लागली. म्हणून ही हकीकत सांगायला बसलो आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सुट्टीत जुनी बांधकामे पाहत हिंडायचे आणि त्यांचे फोटो काढून ठेवायचे, हा माझा छंद. त्यासाठी माझ्याजवळ एक जुना लाकडी कॅमेरा आहे. तो तिपाईवर उभा करावा लागतो. पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि दोहोंच्या मधे पेटीच्या भात्यासारखा घड्यांचा भाता. डोक्यावर काळा कपडा घेऊन दुधी काचेत पाहिले की समोरचे दृश्य दिसते, पण उलटे! देऊळ शिखरावर उभे, आणि खाली आभाळ. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो.

या कॅमेऱ्यात रोल बसत नाही. चार इंच रुंद आणि पाच इंच लांब अशी एकेक सुटी फिल्म घालावी लागते. टपालाच्या कार्डापेक्षा ती किंचित आखूड आणि थोडी रुंद. पूर्वी लग्नकार्यात छत्तीस फोटोंचा रोल वापरीत, तो तुम्हाला आठवत असेल. त्यातल्या एका चौकटीच्या सुमारे चौदा पट या फिल्मचे क्षेत्रफळ भरते. फिल्म एवढी मोठी, की धुऊन वाळवली म्हणजे हातात धरून, नुसत्या डोळ्यांनी, उजेडाकडे पाहत वाचता येते.

अशा कामासाठी मी मंद फिल्म वापरतो. आता फिल्म मंद म्हणजे काय? डब्यावर तिच्या गतीचा आकडा छापलेला असतो. वेगवान फिल्मवर ४००, तर मंद फिल्मवर १२५, १०० किंवा त्याहूनही कमी. आकडा लहान, तितका उजेड जास्त लागणार. मग लोक मुद्दाम मंद फिल्म का घेतात?

त्याचे उत्तर अंगणात सापडेल. पावसाची सर येण्याआधी अंगणात एक परात आणि एक वाटी शेजारी-शेजारी ठेवा. भांड्यात चार थेंब पडले की ते भांडे भिजले असे समजायचे, एवढाच नियम करा. परात तेव्हाच भिजेल, वाटीला मात्र वाट पाहावी लागेल. पाऊस दोन्हींवर सारखाच. फरक तोंडाच्या आकाराचा. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या क्षाराचे असंख्य बारीक स्फटिक पसरलेले असतात. प्रकाशाचे मोजके थेंब पडले की तो स्फटिक जागा होतो, आणि पुढे औषधात गेल्यावर काळ्या चांदीत बदलतो. वेगवान फिल्मचे स्फटिक परातीसारखे मोठे, मंद फिल्मचे वाटीसारखे लहान. पण अंगणभर पराती मांडल्या, तर पाऊस नेमका कुठे पडला हे ढोबळच कळेल. वाट्या मांडल्या, तर वीतवीतभर जागेचा हिशेब लागेल. बारीक कणांच्या फिल्मवर दगडावरची टाकीची खूणसुद्धा दिसते, ती यामुळे. वेळ जास्त द्यायचा आणि बारकावा घ्यायचा, असा हा सौदा आहे.

हा सौदा जुनाच आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. काचेला औषध लावायचे, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. म्हणजे फोटोग्राफरने अंधारखोली बरोबर घेऊनच हिंडायचे. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टराने जिलेटिनची कोरडी प्लेट सुचवली आणि ही यातायात संपली. निजामाच्या दरबारी नावाजलेले राजा दीनदयाळ यांची आपण आज वाखाणतो ती चित्रे काचेच्याच प्लेटांवरची. माझी फिल्म ही त्या प्लेटांचीच नात म्हणायची.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. परभणी जिल्ह्यात जुन्या दगडी बारवा पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका गावची बारव मला फार आवडली होती. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि पूर्वेच्या भिंतीत एक खोल देवळी. देवळीत झिजलेली शेषशायीची लहानशी मूर्ती. २०२२ च्या मे महिन्यात मी तिथे गेलो. गावचे गुरुजी पहाटेच बारवेवर येऊन थांबले होते.

अशा जागी अडचण कोणती? वरच्या काठाचा दगड आभाळाच्या उजेडात चकचकीत, आणि देवळीच्या आत काळोख. डोळा दोन्ही पाहू शकतो. फिल्मला ते सांभाळून द्यावे लागते. त्यासाठी जुन्या फोटोग्राफर मंडळींचा एक नियम आहे: छाया पाहून उघडा, उजेड पाहून धुवा. म्हणजे कॅमेऱ्याचे झाकण किती वेळ उघडे ठेवायचे, ते अंधारातल्या भागावरून ठरवा. आणि फिल्म औषधात किती वेळ ठेवायची, ते उजेडातल्या भागावरून ठरवा. याचे कारण सरळ आहे. छायेतल्या स्फटिकांवर प्रकाश पडलाच नाही, तर नंतर कितीही औषध घाला, तिथे काही उमटत नाही. उजेडाच्या जागी मात्र औषधात जितका वेळ जास्त, तितका काळेपणा वाढत जातो. तो हात आखडून आवरता येतो.

शिक्षक बंधुभगिनींना हा नियम मी असा सांगतो. वर्ग चालवताना नजर मागच्या बाकावर ठेवा. त्या मुलापर्यंत धडा आज पोचला नाही, तर परीक्षेच्या आदल्या रात्री तो पोचवता येत नाही. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाला आवरणे तेवढे कठीण नाही.

त्या पहाटे मी मीटर घेऊन देवळीचा उजेड मोजला. भिंगाचे छिद्र ३२ या आकड्यावर, म्हणजे बारीक केलेले. जवळची पायरी आणि लांबची भिंत दोन्ही स्पष्ट यावीत म्हणून. मीटर म्हणाला, चाळीस सेकंद. पण मीटर कोणत्याही वस्तूला मध्यम करड्या रंगाची समजतो. छाया ही छायेसारखीच दिसायला हवी, म्हणून दोन पायऱ्या खाली यायचे. एकेक पायरी म्हणजे निम्मे. चाळीसचे वीस, विसाचे दहा. इथेही काम संपत नाही. उजेड फार मंद असला आणि वेळ लांबला की फिल्म सुस्तावते; तिला हिशेबापेक्षा जास्त द्यावे लागते. माझ्या फिल्मला दहाच्या जागी अठरा सेकंद लागतात.

मी गुरुजींना म्हटले, “तुम्ही मोजा.” त्यांनी कवायतीच्या आवाजात एक ते अठरा मोजले. बारवेत तो आवाज घुमला, पारवे उडाले, आणि मी झाकण लावले. समोरच्या पायऱ्यांचा आणखी एक फोटो घेतला. दोन फिल्मा, दोन फोटो. गुरुजींनी विचारले, “एवढंच?” मी म्हटले, “एवढंच.”

इथपर्यंत सारे ठीक झाले. बिघडले ते घरी आल्यावर.

फिल्म पूर्ण अंधारात धुवावी लागते. सगळे हाताने ओळखायचे. फिल्मच्या एका कोपऱ्याजवळ खाचा असतात. फिल्म उभी धरून खाचा वरच्या बाजूला उजवीकडे आल्या, म्हणजे औषधाची बाजू आपल्याकडे. तीन-चार तसराळी ओळीने मांडायची: पहिल्यात साधे पाणी, दुसऱ्यात डेव्हलपर, तिसऱ्यात त्याला थांबवणारे सौम्य आम्ल, चौथ्यात हायपो. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडला नाही त्यांना हायपो विरघळवून टाकते, म्हणून चित्र टिकते. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८१९ सालीच शोधला होता, फोटोचा शोध जाहीर होण्याच्या वीस वर्षे आधी.

डेव्हलपरचे सारे गणित २० अंश सेल्सियसवर बांधलेले असते. माझ्या फिल्मला त्या तपमानात अकरा मिनिटे लागतात. दर अंशामागे साधारण दहावा हिस्सा वेळ कमी करावा, असा ठोकताळा आहे. आता मे महिना, मराठवाडा, आणि गच्चीवरची टाकी! रात्री दहा वाजताही नळाचे पाणी ३४ अंश होते. योग्य रीत कोणती हे मला ठाऊक होते. माठाचे पाणी घ्यायचे, ते मोजायचे, आणि तसराळे बर्फाच्या पाण्याने भरलेल्या परातीत ठेवून थंड करायचे. बर्फ औषधात टाकायचा नाही. औषध पातळ होते. हे सारे ठाऊक असूनही मी ते केले नाही. दमलो होतो. फोटो पाहायची हौस होती. मनाशी म्हटले, अकराच्या ऐवजी सात मिनिटे धुऊ, भागेल.

भागले नाही. हिशेबाने ३४ अंशांना अडीच मिनिटेसुद्धा पुरली असती. आणि इतक्या थोड्या वेळात फिल्म सारखी धुतली जात नाही, म्हणून ते तपमानच टाळायचे असते. मी सात मिनिटे धुतली. शिवाय कोमट पाण्यात जिलेटिन फुगून मऊ होते. दोन्ही फिल्मा एकाच तसराळ्यात होत्या. खालची काढून वर, खालची काढून वर, असा क्रम चालला होता. घाईत एका फिल्मचा कोपरा दुसरीवरून खर्रकन् ओढला गेला. अंधारात मला तो बोटांना जाणवला. पुढची मिनिटे कशी गेली ते सांगत नाही.

दिवा लावल्यावर पाहिले. उजेडाचा भाग कोळशासारखा दाट झाला होता, आणि ओरखडा नेमका देवळीवरून गेला होता. मी स्वतःची समजूत घातली: बारव कुठे पळून जाते? थंडीत पुन्हा जाऊ.

सप्टेंबरात पाऊस जोराचा झाला आणि बारवेची पूर्वेकडची भिंत ढासळली. गुरुजींचा फोन आला. मूर्ती लोकांनी ढिगाऱ्यातून सुखरूप काढली होती आणि मारुतीच्या देवळात ठेवली होती. देवळी पुन्हा पूर्वी होती तशीच बांधायची, असे गावाने ठरवले होते. दगड सगळे पडले होते, पण कोणता कुठे बसत होता ते कोणालाच आठवेना. गुरुजी म्हणाले, “सर, तुमच्याकडे फोटो आहे ना? आम्ही अठरा आकडे मोजले होते.”

तुम्ही म्हणाल, गावात मोबाइल नव्हते का? होते. सगळे फोटो धुंडाळून झाले होते. एकात देवळीच्या पुढे नवरा-नवरी उभी. दुसऱ्यात पोहणारी मुले. उरलेल्यांत देवळी म्हणजे नुसता काळा चौकोन, कारण फोटो काढणाराचे लक्ष उजेडाकडे होते. देवळीच्या आतले दगड दिसत होते ते फक्त माझ्या फिल्मवर. छाया पाहून उघडले होते ना! नियमाचा पहिला अर्धा भाग मी पाळला होता.

दोन रात्री बसून मी त्या दाट फिल्मवरून छाप काढला. कागदावर उजेड एरवीच्या कितीतरी पट वेळ द्यावा लागला. खालचा थर आला, बाजूचे खांब आले, मूर्तीमागची कोरीव चौकट आली. पण देवळीच्या माथ्यावरची पट्टी नेमकी ओरखड्याखाली. त्या पट्टीत दगड तीन होते की चार, हे काही केल्या कळेना. गवंडी पुन्हापुन्हा त्या काळ्या रेघेवर बोट ठेवायचा आणि माझ्याकडे पाहायचा.

मोठमोठ्या माणसांनाही या कामात एकच संधी मिळते, हे मला पुढे एका प्रसिद्ध चित्राची हकीकत वाचताना उमगले. १ नोव्हेंबर १९४१ रोजी अमेरिकेतला फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीने जात होता. चंद्र वर आला होता, आणि मावळतीच्या उन्हात कबरस्तानातले पांढरे क्रूस चमकत होते. त्याने घाईघाईने आठ बाय दहा इंचांचा कॅमेरा मांडला, पण मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते हे त्याला पाठ होते. त्या एका आकड्यावरून त्याने हिशेब केला: छिद्र ३२, वेळ एक सेकंद. दुसऱ्या फोटोची तयारी करतो तोच क्रुसांवरचे ऊन गेले. हाती एकच फिल्म राहिली. उजेडावरून मोजावे लागल्यामुळे खालच्या जमिनीचा भाग फिका उतरला होता. ती फिल्म त्याने फार जपून धुतली, थोडा वेळ औषधात आणि थोडा वेळ साध्या पाण्यात, असे आलटून पालटून. पुढे १९४८ मध्ये तो फिका भाग त्याने औषधाने गडद करून घेतला. घाई त्यालाही करावी लागली, पण ती डोंगरापलीकडे जाणाऱ्या सूर्यामुळे. माझ्या न्हाणीघरात कोणता सूर्य मावळत होता?

डिसेंबरात मी पुन्हा त्या गावी गेलो आणि बारवेच्या उरलेल्या तीन बाजूंचे फोटो घेतले. या वेळी पाणी रात्रभर गच्चीवर माठात ठेवले, सकाळी तपमान मोजले, बरोबर २० अंश. वरचा दगड उजळ होता म्हणून अकरा मिनिटांची नऊ केली. एका वेळी एकच फिल्म धुतली. हायपोमध्ये फिल्मवरची दुधट साय विरघळून ती निवळेपर्यंत जितका वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ ती तिथे ठेवली. मग सहा-सात वेळा पाणी बदलले, आणि कोपऱ्याला चिमटा लावून, धूळ नसलेल्या खोलीत टांगली. वापरलेले हायपो मात्र विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये. त्यात विरघळलेली चांदी असते. फिल्मा सुरेख आल्या. पायरीपायरीवरची टाकी मोजता येते. पण त्यांत पूर्वेची भिंत नाही.

श्रोतेहो, तुम्ही सर्वांनी लाकडी कॅमेरे घ्यावेत असे मी सांगणार नाही. पण तीन गोष्टी कोणालाही करता येतील.

पहिली शाळेसाठी. एका वर्गाच्या खिडक्या-दारे काळ्या कागदाने पक्की झाका, आणि एकाच जागी करंगळीएवढे भोक ठेवा. बाहेर लख्ख ऊन पडले असेल, तर समोरच्या भिंतीवर अंगणातले झाड उलटे दिसू लागेल, आणि वारा सुटला की त्याच्या फांद्या भिंतीवर हलतील. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मुलांना मग पाठ करावे लागणार नाही.

दुसरी गावासाठी. बारव, वेस, जुने देऊळ, वीरगळ, यांचे फोटो मोबाइलनेच काढा, पण माणसे बाजूला करून काढा. शेजारी एक फूटपट्टी ठेवा. मोबाइलमध्ये अति उजेडाने पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही, आणि काळोखातलाही नीट येत नाही. म्हणून प्रत्येक जागेचे दोन फोटो घ्या. एकदा पडद्यावर उजळ भागाला बोट लावून, आणि एकदा अंधाऱ्या भागाला. फोटोबरोबर तारीख आणि जागा लिहून ठेवा.

तिसरी घरासाठी. जुन्या वाड्यात, माळ्यावर, एखाद्या पेटीत काचेच्या प्लेटा सापडल्या, तर त्या धुऊ नका, पुसू नका. चकचकीत नसलेल्या बाजूला चांदीचा थर असतो. तिला बोट लावू नका. एकेक प्लेट कोऱ्या कागदात गुंडाळून, ताटे मांडतो तशी उभी ठेवा, आणि जाणत्या माणसाला दाखवा. कोणा घाईच्या माणसाने ज्या जागेची दुसरी प्लेट घेतली नाही, तिची ती एकुलती एक साक्ष असू शकते.

२०२३ च्या उन्हाळ्यात त्या गावाने देवळी पुन्हा बांधली. मूर्ती वाजतगाजत जागेवर गेली. माथ्यावरच्या पट्टीत गवंड्याने चार दगड बसवले आहेत, आणि ते शोभतात. माझा छाप गुरुजींनी शाळेत चौकटीत लावला आहे. मुले त्यातल्या काळ्या रेघेवर बोट ठेवून ती कशाची म्हणून विचारतात. गुरुजी भले गृहस्थ आहेत, ते म्हणतात, “सरांना विचारा.” म्हणून मी जातो तेव्हा सांगतो: ही रेघ सात मिनिटांची आहे. आणि मग माठातले पाणी किती अंशांना होते ते त्यांच्याकडून मोजून घेतो.